कोल्हापुरात आठवी-नववीतल्या पोरींनी बसायचं कुठं?

राजारामपुरीची_आई:
काल लेकीला क्लासवरनं आणायला गेले, क्लास सुटून अर्धा तास झालेला आणि चौघी मैत्रिणी लावलेल्या गाड्यांना टेकून गप्पा मारत उभ्या. म्हटलं अगं पलीकडं बाग आहे की, तिथं का बसत नाही? तर म्हणाली, झोपाळ्यावर बसलो की वॉचमनकाका उठवतात, बारा वर्षांपर्यंतच असा बोर्ड आहे, बाकड्यांवर आजोबा लोक, कोर्टवर पोरं, मग आम्ही कुठं जायचं? मला उत्तरच देता येईना. रंकाळ्यावर जाता येतं पण आईबाबांबरोबर. बाग करताना लहान मुलं आणि म्हातारी माणसं एवढीच डोक्यात असतात, मधल्या पोरी कुणाला दिसतच नाहीत.

पेठेतला_फुटबॉलवाला:
ताई राग मानू नका, पण मैदान सगळ्यांना मोकळं हाय, पोरींना अडवलंय कुणी? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आपल्या कोल्हापूरच्याच की, त्यांना कुणी वेगळी बाग करून दिली नव्हती. मैदानं आधीच कमी, त्यातनं पण तुकडे पाडले तर पोरं खेळणार कुठं?

आर्किटेक्चर_तिसरं_वर्ष:
दादा, त्या दोघी नेमबाज, त्यांचं काम शूटिंग रेंजवर चालतं, इथं रोजच्या संध्याकाळचा विषय चाललाय. खासबागचं कुस्तीचं मैदान १९१२ चं, तालमी, मंडळं, चौकातले कट्टे, सगळीकडं पोरंच. आणि अडवायला कुणी लागतच नाही ओ. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात पाहणी केली तर वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या कमी होतात असं दिसलं. मग १९९९ पासून दोन बागा बदलायला घेतल्या, मोठ्या मोकळ्या जागेचे लहान भाग केले, पायवाटा वाढवल्या, म्हणजे एकाच टोळक्यानं सगळी जागा धरायची सोय उरली नाही. पोरांना कुणी हाकललं नाही. आपल्याकडं कोर्टला चारी बाजूनं जाळी आणि एकच फाटक, त्यात दहा पोरं उभी असली की मी स्वतः आजपण आत जात नाही.

दोन_मुलींचा_बाप:
मला दोघांचं पटत नाही. आधी लाईट, कॅमेरे, पोलिसांची फेरी, मग झोपाळे. अंधारात पोरगी बसली आणि काय झालं तर जबाबदार कोण? माझी नववीत आहे, सातच्या आत घरात, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

आर्किटेक्चर_तिसरं_वर्ष:
काका लाईट पाहिजेच, त्यात वादच नाही. पण नुसता कॅमेरा लावून जागा भरत नाही, माणसं बसली की भरते. स्वीडनमध्ये उमेओ गावात मुलींना विचारून एका बागेत छत बांधलं, त्याखाली वेगवेगळ्या उंचीचे झोपाळे, वर दिवे, समोरासमोर बसून बोलता येतं आणि कोण येतंय ते लांबनं दिसतं. खेळलंच पाहिजे असं काही नाही, नुसतं बसायला जागा.

पेठेतला_फुटबॉलवाला:
फाटकाचं पटलं, दोन बाजूनं दारं पाहिजेत. झोपाळ्याचं अजून पटत नाही, रात्री तिथं दारू प्यायला बसणार, लिहून घ्या.

राजारामपुरीची_आई:
म्हणून काय पोरींनी गाड्यांना टेकूनच उभं राहायचं? आज चौघींना कागद दिला, काय काय पाहिजे लिहा म्हटलं. पहिल्या नंबरला झोपाळा नाही, आतनं कडी लागणारं बाथरूम लिहिलंय.