मदत हवी आहे : आंबोलीत रात्री बेडूक दाखवणारा वाटाड्या

नमस्कार मंडळी. आम्ही दादरचे चौघे मित्र जूनअखेरीस पाठीवर सॅक टाकून आंबोलीला निघतोय. तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडी, पुढे एसटी. धबधबा बघूच, पण खरी ओढ आंबोली टोड या बेडकाची. २००९ मध्ये शास्त्रीय नोंद झालेला हा इवलासा जीव फक्त त्याच परिसरात सापडतो. रात्री जंगलात नेणारा भरवशाचा स्थानिक वाटाड्या कुणाला माहीत आहे का? बेडूक हातात धरून फोटो काढायला लावणारा नको, ते बघवत नाही. हिरण्यकेशी नदीच्या उगमालाही जायचंय, तिथल्या दुर्मिळ माशामुळे ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. भर पावसात गावातून तिथवर चालत जाता येतं का? आणि जळवांसाठी लांब मोजे पुरतात का?