खालच्या पाइपचं काय?

घरच्या गोल्फ सिम्युलेटरला (पडद्यावर मैदान दिसतं, त्यावर खरा बॉल मारायचा) साधा मोटरवाला, गुंडाळला जाणारा प्रोजेक्टरचा पडदा चालेल असं वर कुणीतरी म्हटलंय ते पटलं नाही, तो बॉल झेलायला बनवलेलाच नसतो, जाड विणीचा पॉलिएस्टरचा इम्पॅक्ट स्क्रीनच लागतो. गुंडाळायची आयडिया मात्र बरोबर, बडोद्यात आमच्या गॅरेजमध्ये मीपण तेच केलंय, दांडिया बाजारातल्या एका शटरवाल्याकडून रोलर नि मोटर बसवून घेतली (त्याला वाटलं मी दुकान काढतोय).

पण खालच्या पाइपचं कुणीच लिहिलं नाही. पडदा ताठ राहावा म्हणून मी खाली लोखंडी पाइप घातलेला, तिसऱ्याच दिवशी एक लो शॉट बरोब्बर त्यावर बसला नि ४६ ग्रॅमचा तो बॉल जो उलटा आला तो माझ्या नडगीला घासून थेट स्कूटरच्या आरशावर, आरसा गेला, घरात काय ऐकावं लागलं ते सोडा. आता पाइपऐवजी शिवणीत वाळूची लांब पिशवी आहे, कापड जरा सैल, मागे भिंतीपर्यंत फूटभर जागा, बॉल आपटून गपचूप खाली पडतो. मोटरची लिमिट फक्त अशी लावा की पिशवी रोलरवर चढायच्या आत थांबेल, नाहीतर गुंडाळी वाकडी होते. आणि छत ८ फूट असेल तर ड्रायव्हर (गोल्फची सगळ्यात लांब स्टिक) फिरवायचं विसरा.