घरचे डॉक्टर: कौतुकाऐवजी काम लिहूया

घरचे डॉक्टर गेले की तोंडात पहिला शब्द येतो ‘देवमाणूस’. तो खोटा नसतो, पण त्यावरून ते काम कसं करत हे कुणालाच कळत नाही. म्हणून या धाग्यात त्यांचे हात काय करत, कोणत्या क्रमाने आणि का, एवढंच लिहूया. दवाखान्यात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी जरूर लिहावं.

कंपाउंडरच्या टेबलावरून

मिक्श्चरच्या बाटलीवरची कागदी पट्टी आता कुठे दिसत नाही. औषधाच्या उंचीइतकी पट्टी कापायची, सहा मात्रा असतील तर तिच्या सहा सारख्या घड्या घालायच्या आणि घडीचे कोपरे कात्रीने तिरके उडवायचे. उलगडली की दोन्ही कडांना खाचा दिसतात; खाचेपासून खाचेपर्यंत एक मात्रा. मग डिंकाने बाटलीच्या पाठीवर चिकटवायची. पट्टीची वरची कड औषधाच्या पातळीला नेमकी लागली नाही, तर पहिलीच मात्रा चुकते.

न विरघळणारी पावडर असेल तर ‘हलवून घ्या’ ही चिठ्ठी हवीच. नाहीतर सुरुवातीच्या मात्रा पाणचट जातात आणि औषधाचा गाळ शेवटच्या मात्रेत येतो. क्विनीन सल्फेट नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही. सौम्य गंधकाम्लाचे थेंब पडले की पाणी नितळ होतं. सोडा आणि आम्ल डॉक्टरांनी लिहिलेल्या एकाच चिठ्ठीत आले तर मुकाट्याने बनवायचं नाही, आत जाऊन विचारायचं. बनवायचंच ठरलं तर फेस पूर्ण बसेपर्यंत बूच लावायचं नाही, नाहीतर ते उडतं. अशा विचारण्याचा राग न मानणारे डॉक्टर खरे मोठे.

इंजेक्शनच्या खोलीतून

काचेची सिरिंज उकळायची तर दांडा नळीतून काढून, दोन्ही गॉजमध्ये गुंडाळून गार पाण्यातच ठेवायच्या. उकळत्या पाण्यात टाकली की काच तडकते. पाण्याला उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं मोजायची. मध्येच आणखी एखादं उपकरण टाकलं तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. जुन्या सिरिंजच्या नळीवर आणि दांड्यावर एकच क्रमांक असे. जोड्यांची अदलाबदल झाली की दांडा अडकतो, नाहीतर औषध मागून गळतं. क्षारांच्या पाण्याने काचेवर पांढरा थर बसतो आणि त्यानेही दांडा जाम होतो. धार लावायला सुई दगडावर घासून झाली की टोक कापसावरून ओढून पाहायचं. तंतू अडकला तर टोकाला कंगोरा आहे, सुई पुन्हा दगडावर.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. उकळल्याने सगळे जिवाणू-बीजाणू मरत नाहीत, आणि घाईत कमी उकळलेल्या सुयांमधून कावीळ पसरू शकते. एकदाच वापरायच्या सुया आल्या हे चांगलंच झालं. त्या काळाच्या आठवणीत हेही राहू द्या.

तपासणीच्या टेबलाशेजारून

छातीवर बोटाने वाजवून पाहण्याची पद्धत व्हिएन्नाचे डॉक्टर आऊएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या डॉक्टरांच्या हातात तिचं नंतरचं, बोटावर बोट वाजवायचं रूप पक्कं बसलेलं असे. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांमधल्या जागेत घट्ट टेकवायचं, बाकीची बोटं उचललेली. उजव्या मधल्या बोटाने त्यावर टक्कन मारायचं, हालचाल फक्त मनगटातून, आणि बोट लगेच वर. बोट रेंगाळलं की आवाज दबतो. हवा भरलेलं फुप्फुस घुमतं. पाणी साठलं असेल तर दगडावर वाजवल्यासारखं बद्द लागतं. उजवीकडे एक, डावीकडे नेमकी तीच जागा, मग खाली. एक बाजू पूर्ण करून दुसरी घेतली तर तुलनाच होत नाही. बोटावर बोट मारायचं, म्हणून नखं कायम कापलेली लागतात.

बीपी घेताना आधी मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवायचा. नाडी नाहीशी होते त्याच्या वर ३० मिलिमीटर जाऊन, मग स्टेथोस्कोप लावून सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर उतरायचं. काहींच्या बाबतीत नाडीचे आवाज मध्येच गायब होऊन खाली पुन्हा सुरू होतात. नाडी न धरता मोजलं तर वरचा आकडा खोटाच कमी येतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला की उलटं, आकडा जास्त.

लहान मुलांबद्दल

मूल आईच्या मांडीवरून उतरवायचं नाही. हात लावण्याआधी सदरा वर करून श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. मूल रडलं की मोजणी बाद, शांत झाल्यावर पुन्हा. स्टेथोस्कोप तळहातावर चोळून कोमट करायचा. घसा आणि कान सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर मूल काहीच करू देत नाही.

जुलाबात ओआरएसचं पाकीट सांगून भागत नाही. पाकिटावर लिहिलेलं पाणी घरातल्या कोणत्या भांड्यात मावतं, हे विचारून घ्यायचं. पाकीट थोडं थोडं करून अंदाजाने पेल्यात टाकतात, ते घट्ट होतं आणि जुलाब वाढतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाकायचं.

घरभेटीची बॅग

एवढंच: तीव्र ॲलर्जीत तातडीने टोचायच्या ॲड्रेनॅलिनची कुपी दर महिन्याला उजेडात धरून पाहायची. गुलाबी-तपकिरी झाक आली की फेकायची, तारीख शिल्लक असली तरी. टॉर्चचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवायचे.

नोंदींबद्दल

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या खेड्यातले डॉक्टर विल्यम पिकल्स प्रत्येक साथीच्या रुग्णाची तारीख आणि त्याचा संपर्क कुणाशी आला हे तक्त्यावर मांडत. १९२९ च्या काविळीच्या साथीत त्यातूनच संसर्गापासून लक्षणांपर्यंत किती दिवस जातात हे त्यांना कळलं. ओळखीची माणसं आणि न चुकता लिहिणं, एवढंच साधन.

साध्या दवाखान्यातही अख्ख्या घराचे केसपेपर एकाच पाकिटात असले, की आजीचा जुना खोकला आणि नातवाची वाढलेली गाठ एकत्र दिसते, आणि क्षयाची शंका येते. दवाखाना बंद होत असेल तर घरच्यांनी हे मागून घ्यावं: चालू औषधांची मूळ नावं (कंपनीने दिलेली नव्हे) आणि मात्रा, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं, मुलांच्या लसींच्या तारखा, जुना ईसीजी. ईसीजी तर हमखास राहून जातो, आणि पुढे छातीत दुखल्यावर नवा डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतो.