मदत हवी आहे: गिळणं सतत जाणवतं, लक्ष हटत नाही

पानगळ
लवकर उत्तर हवं आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत गिळण्याकडेच लक्ष असतं. एक आवंढा गिळला की पुढचा कधी येतोय याची वाट बघत बसते. समोरचा बोलतो ते कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही. घशाच्या तपासण्या झाल्यात, काही निघालं नाही, तेव्हा कृपया ते सुचवू नका. कुणाचं हे पूर्ण गेलंय का? गेलं असेल तर नेमकं काय केलंत? ज्यांना अनुभव आहे त्यांनीच लिहा.

वाटसरू
ॲसिडिटी असणार. माझ्या घशात वर्षभर गोळा असल्यासारखं वाटायचं. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, उशाकडची बाजू उंच करा. फरक पडतोच.

तळटीप
वाटसरू, तपासण्या झाल्यात असं त्यांनी लिहिलंय की.
पानगळ, माहिती फार कमी आहे. किती दिवसांपासून होतंय? घास अडकतो, दुखतं, वजन उतरलंय, की नुसती जाणीव होते? काही औषध चालू आहे का? आणि धागा मानसिक आरोग्य विभागात का काढलाय?

पानगळ
ओसीडी आहे म्हणून! म्हणजे तोच तो विचार आणि त्यापायी तीच ती कृती, थांबता थांबत नाही. आधी कुलपं तपासायचे, ते बरंच कमी झालं. काही महिन्यांपासून हे सुरू झालंय. अडकत नाही, दुखत नाही, जेवण नीट जातं. डॉक्टरांनी गोळी दिलीय, अजून महिना व्हायचाय, पण काडीचा फरक नाही. बंद करावी म्हणते. पण माझा प्रश्न गोळीचा नाहीच. हे जातं का, एवढंच सांगा.

दुपारचं_ऊन
जातं गं, नक्की जातं! माझ्या बहिणीला पापण्यांची उघडझाप जाणवायची, अगदी असंच. आज तिला आठवतही नाही. तूही शंभर टक्के बरी होणार, लिहून घे.

अनुस्वार
गोळी मनाने बंद करू नका. नैराश्यावरच्याच या गोळ्यांना ओसीडीत जास्त वेळ लागतो. योग्य मात्रेवर 8 ते 12 आठवडे झाल्याशिवाय लागू पडली की नाही ते ठरवत नाहीत, आणि मात्राही बहुधा जास्त लागते. एकदम सोडली तर गरगरणं, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. बदल हवा असेल तर डॉक्टरांशी बोला.

तुम्ही सांगताय त्याला सेन्सरीमोटर ओसीडी म्हणतात. गिळणं, श्वास, पापण्या, हृदयाचे ठोके, अशी शरीरात आपोआप चालणारी एखादी गोष्ट लक्षात येते आणि 'आता हे कायमच जाणवत राहिलं तर?' ही भीती बसते. मला श्वासाचं होतं. एक विचारतो: जाणवू नये म्हणून तुम्ही काय काय करता?

पानगळ
काय करणार? पाण्याची बाटली हातात असते, घोट घोट पीत राहते. कानात गाणी-बिणी लावून ठेवते. कधी मुद्दाम पटापट गिळून टाकते, म्हणजे थोडा वेळ सुटका मिळेल. पण मग गिळताच येत नाही आणि आणखी घाबरायला होतं. आणि दर थोड्या वेळाने बघते, आत्ता जाणवतंय का. बघितलं की जाणवतंच.

अनुस्वार
हेच विचारत होतो. तुमचं कुलूप तपासणं गेलं नाही, त्याने जागा बदलली. तेव्हा कडी ओढून बघायचात, आता घसा तपासता. पटापट गिळल्यावर गिळता येत नाही कारण तोंडात लाळच उरत नाही. ते कुणालाही जमत नाही, करून बघा घरातल्या कुणालाही. दिवसाला माणूस साधारण 500 ते 700 वेळा गिळतो, त्यातलं बहुतेक सगळं मेंदूच्या देठातून आपोआप चालतं. तुमचं लक्ष तिथे असलं तरी ते बंद पडत नाही.

ध्यानमग्न
यावर रामबाण म्हणजे ध्यान. रोज सकाळी शांत बसून श्वासावर लक्ष ठेवा. मन घशावरून आपोआप हटेल. मी अनेकांना सांगितलंय, सगळ्यांना गुण आलाय.

पानगळ
करून झालं. आता श्वासही जाणवायला लागलाय. खरंच घाबरलेय मी.

अनुस्वार
ध्यानमग्न, घशावरून मन हटावं म्हणून ध्यान केलं तर तेही पाण्याच्या घोटासारखंच झालं. आणखी एक पळवाट. माझा तर आजारच श्वासाचा होता.

ध्यानमग्न
तुम्ही ध्यान समजून न घेता बोलताय. खरं ध्यान काहीही हटवायला सांगत नाही. जे आहे ते बघायचं, त्याच्याशी झगडायचं नाही.

अनुस्वार
मग त्यांना तेच सांगा ना. वर 'मन हटेल' असं तुम्हीच लिहिलंय. झगडायचं नाही याबद्दल मी पूर्ण सहमत आहे.

तळटीप
लक्ष हटवण्यावरून सांगतो. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. विचार आला की घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायची मुभा दिली, तेव्हा सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. पानगळ दिवसभर हेच करतायत, आणि तेही जीव तोडून.

पानगळ
पटतंय. पण दुपारचं_ऊन, तुमच्या बहिणीचं पूर्ण गेलं ना? परत कधीच आलं नाही? एकदाही?

दुपारचं_ऊन
नाही गं, कधीच नाही. तू निर्धास्त राहा.

अनुस्वार
मला इथे थांबवावंसं वाटतं. पानगळ, 'जातं का' हा प्रश्न या धाग्यावर तुम्ही पुन्हा पुन्हा विचारताय. उत्तर मिळालं की थोडं बरं वाटतं आणि मग नवी शंका येते. हेही तपासणंच आहे.

दुपारचं_ऊन
किती कोरडं बोलता! एक मुलगी घाबरून विचारतेय आणि आम्ही धीरही द्यायचा नाही?

अनुस्वार
धीर जरूर द्या. त्या एकट्या नाहीत, यावर उपचार आहेत, त्यातून बरेच जण सावरतात. हे सगळं खरं आहे आणि मी मनापासून म्हणतोय. शंभर टक्क्यांची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही, आणि ओसीडी नेमकी तीच मागत राहते. मला माझ्या घरच्यांनी वर्षानुवर्षं प्रेमाने हमी दिली. आजार त्यावरच पोसला.

उंबरठा
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या पत्नीचं सगळं मनातल्या मनात चालतं. प्रार्थना म्हणताना एखादा शब्द 'चुकीच्या भावनेने' म्हटला गेला असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून काही दिसत नाही, ती नुसती गप्प बसलेली असते. मग मला विचारते, 'काही वाईट तर होणार नाही ना?' मी दर वेळी नाही म्हणतो. वरचं वाचून आता काय बोलावं तेच कळेना. ओसीडी आनुवंशिक असते का? मुलं आहेत आम्हाला.

तळटीप
जवळच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते, पण होईलच असं नाही. यासाठी वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

अनुस्वार
उंबरठा, उत्तर देणं एकदम तोडू नका, त्यांना एकटं पडल्यासारखं वाटेल. त्या शांत असताना दोघांनी मिळून ठरवा. 'हा प्रश्न आजार विचारतोय असं वाटतंय, मी तुझ्याजवळ बसतो' असं काहीतरी. शक्य तर त्यांच्या थेरपिस्टसमोर ठरवा. मनातली आवर्तनंही कृतीच असतात, त्यांच्यावरही उपचार होतो.

पानगळ
बरं. हमी नको. मग करायचं काय ते सांगा.

अनुस्वार
ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. ही नवी टूम नाही. 1966 मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराबद्दल लिहिलं, तेव्हापासून ती घडत आलीय. तुमच्या बाबतीत याचा अर्थ गिळणं जाणवू द्यायचं, मुद्दाम आठवण करून द्यायची, आणि बाटली, कानात गाणी लावणं, घसा तपासणं हे टप्प्याटप्प्याने सोडायचं. तहान लागली की पाणी प्यायचंच.

पानगळ
मुद्दाम आठवण? जे नको तेच?

अनुस्वार
हो. माझ्या थेरपिस्टने टेबलावर चिठ्ठ्या लावायला सांगितल्या होत्या: 'श्वास'. पहिले काही दिवस फार जड गेले, खोटं कशाला सांगू. पण चिठ्ठी दिसली की काम थांबवायचं नव्हतं. श्वास जाणवत असतानाच ईमेल लिहायचा, जाणवत असतानाच माणसांशी बोलायचं. अजूनही कधी जाणवतो. जाणवला तरी हातातलं काम चालू राहतं.
मात्र हे ईआरपी येणाऱ्या माणसाकडूनच शिका. नुसत्या गप्पांच्या समुपदेशनात पुन्हा हमी मिळत राहायची शक्यता असते.

पानगळ
पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. गोळी तोवर चालू ठेवते. थेरपिस्टचं नाव मागेन. ईआरपी येते की नाही हे ओळखायचं कसं?

तळटीप
सरळ विचारा: 'ओसीडीसाठी ईआरपी करता का? मनातल्या किंवा शरीराच्या जाणिवांच्या ओसीडीवर काम केलंय का? घरी करायचा सराव देता का?' ज्यांना येतं ते अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. आणि बाटली, पटापट गिळणं, 'आत्ता जाणवतंय का' हे बघणं, सगळं जसं इथे लिहिलंत तसंच त्यांना सांगा. 'गिळणं जाणवतं' एवढंच सांगितलंत तर पुन्हा घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतील.