ऐरोलीची फ्लेमिंगो बोट बंद करायची?

खाडीवेडी: "अभयारण्यात माणसाचं काम काय? ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवणारी ऐरोलीची बोट बंद करा." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. ऐरोली पुलावरून मी वर्षानुवर्षं कामाला गेले. खाडी आली की नाकाला रुमाल, एवढीच ओळख. बोटीत बसले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, चोच उलटी धरून चिखलातलं पाणी गाळत हे पक्षी शेवाळ खातात. २०१५ला अभयारण्य झालं, २०२२ला रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव लागलं, पण कधी न पाहिलेल्या खाडीसाठी भांडणार कोण?

दुर्बीण: पोस्ट माझीच. आमच्या बोटीत एकाने उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या पिटल्या. अख्खा थवा उठला. भरती चढून चिखल बुडायच्या आत त्यांना पोट भरायचं असतं, ते खाणं गेलं. बोटीत कुणी हूं की चूं केलं नाही. बंदच करा.

निवटी: आम्ही इथले कोळी. बाबांच्या जाळ्यात जिताडा यायचा, बोई यायची. मी ओढतो तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या, आणि दोरीला काळा चिकट गाळ. दोन दिवस हाताचा वास जात नाही. पक्ष्यांची गणती होते, आमच्या मासळीची कोण करतं?

दुर्बीण: दादा, विषय बोटीचा आहे. आणि खाडीत येणाऱ्या त्याच सांडपाण्यावर शेवाळ वाढतं, त्यावर पक्षी जगतात.

निवटी: म्हणजे आमची मासळी मेली तरी चालेल? लिहिण्याआधी विचार करा जरा!

खाडीवेडी: अगदी बरोबर बोललात. खाडी आधी तुम्हा कोळ्यांची आहे.

दुर्बीण: तसं म्हणायचं नव्हतं. शब्द मागे घेतो. टाळ्यांचं मात्र मागे घेणार नाही.

पाणथळ: बोटीवरून काय भांडताय! भरतीला चिखल बुडाला की पक्षी टेकतात कुठे? नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या जागी. २०२४मध्ये तिथे भरतीचं पाणी यायची वाट अडली आणि पक्षी मेले. तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर. बोट बंद करून तो वाचणार आहे का?

दुर्बीण: नाही वाचणार, मान्य. राहू दे बोट. पण टाळी वाजली की तिथूनच माघारी फिरवायची, पैसे परत मिळणार नाहीत.

निवटी: आणि नाखवा आमच्यातला हवा. पाणी कुठे उथळ, थवा कुठून बिचकतो, त्याला विचारावं लागत नाही.