ही सगळी माणसं एकमेकांशी बोलत काहून नाहीत? (फ्रॉस्ट, अँडरसन, ग्लास्पेल वगैरे)

काटोलवाली:

नमस्कार सगळ्यांना. मी एमए इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरातच रूम करून राहते. आम्हाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन कथा-कविता आहेत आणि त्यावर पंधरा पानांचा पेपर द्यायचाय. मी विषय घेतला "एकटेपणा", कारण जे वाचून राहिली त्यात तेच दिसून राहिलं. कवी रॉबिन्सनचा रिचर्ड कोरी (कविता १८९७ च्या पुस्तकातली, जरा आधीची, पण आम्हाला यातच लावली आहे) म्हणजे गावातला सगळ्यात श्रीमंत, सगळ्यात सभ्य माणूस, तो एका शांत रात्री घरी जाऊन स्वतःला गोळी मारतो. अँडरसनच्या १९१९ च्या 'वाइन्सबर्ग, ओहायो' या कथासंग्रहातला विंग बिडलबॉम वीस वर्षं गावाच्या कडेला राहतो आणि स्वतःचे हात लपवत फिरतो. फ्रॉस्टच्या 'होम बरियल'मधले नवरा-बायको एकाच घरात, एकाच जिन्यावर, आणि तरी...

पण लिहायला बसली तर दोन पानांत संपलं. औद्योगिकीकरण झालं, माणूस तुटला, झालं. गाईडमध्ये पण एवढंच आहे. वाचताना मला जे होतं ते त्यात येतच नाही. आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, कोणाकडे काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत माहीत होतं, आणि आमच्या गल्लीतल्या एका काकांनी स्वतःला संपवलं तेव्हा प्रत्येक जण हेच म्हणत होता की काल तर चांगले बोलले होते पानठेल्यावर. रिचर्ड कोरी वाचली तेव्हा मला तो पानठेलाच दिसला. याला एकटेपणा म्हणायचं का? की दुसरा काही शब्द आहे? आणि अजून काय वाचू?

धंतोलीचे_मास्तर:

बेटा, विषय बरोबर आहे, शब्द ढिला आहे. मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यातला एक अनुभव सांगतो, कथा कोणाची आहे ते नंतर पाहायचं, आधी सांगून कोण राहिलं ते पाहायचं. रिचर्ड कोरीमध्ये बोलतो कोण? कोरी नाही. "आम्ही", फुटपाथवरचे लोक. १८९३ ला तिकडे मोठी मंदी आली होती, बँका बुडाल्या, लोकांचं काम गेलं, म्हणूनच त्या कवितेत लोक मांसाशिवाय दिवस काढतात आणि हाती आलेल्या पावाला शिव्या देतात. या लोकांनी कोरीचे कपडे पाहिले, चाल पाहिली, तो गुड मॉर्निंग कसं म्हणतो तेही पाहिलं. सोळा ओळींची कविता आहे, त्यात त्याला एकदाही कोणी विचारत नाही की बाबा, तू कसा आहेस. त्याची श्रीमंती पाहता पाहता तो माणूसच दिसेनासा झाला.

आता हाच धागा धरून बिडलबॉमकडे जा. तो आधी पेनसिल्व्हेनियात मास्तर होता, पोरांशी बोलताना त्यांच्या खांद्यावर, केसांवर हात ठेवायची सवय, एका पोरानं स्वप्नात पाहिलेलं खरं म्हणून सांगितलं आणि गावानं त्याला रात्रीतून हाकललं. नाव बदललं त्यानं, नवं नाव पण कुठलं, तर स्टेशनावरच्या मालाच्या खोक्यावर वाचलेलं. वाइन्सबर्गमध्ये तो एका दिवसात एकशेचाळीस क्वार्ट (क्वार्ट म्हणजे साधारण लिटरभर) स्ट्रॉबेरी तोडतो म्हणून गावाला त्याच्या हातांचं कौतुक, आणि त्याला स्वतःला त्या हातांची भीती. जॉर्ज विलार्ड हा गावच्या पेपरचा तरुण बातमीदार, विचारणं हे त्याचं कामच आहे. त्याच्या मनात येतं की हातांबद्दल विचारावं. मग तो ठरवतो, नको. गोष्ट त्या "नको"पाशी आहे. तू एकटेपणावर लिहू नको, न विचारलेल्या प्रश्नावर लिही, पंधरा पानं कमी पडतील.

होम बरियलबद्दल जरा वेगळं सांगतो. मी ही कविता बीएला असताना वाचली, शिकवली पण, कळली पन्नाशीत. माझी धाकटी बहीण दोन वर्षांची असताना गेली. लहान लेकरू, म्हणून पुरलं, फावडं वडिलांनी स्वतः चालवलं. घरी आले, पाय धुतले आणि पहिलं वाक्य काय बोलले तर, "लाईन आली का, ओलिताचं कोणी पाहिलं का?" आई त्यांच्याशी किती तरी दिवस बोलली नाही. फ्रॉस्टच्या कवितेत अगदी हेच आहे, बाप स्वतःच्या लेकराची कबर खणून येतो, बुटाला तीच माती, आणि स्वयंपाकघरात बसून म्हणतो की तीन दिवसांचं धुकं आणि एक दिवसाचा पाऊस बर्चच्या लाकडाच्या कुंपणाला कुजवून टाकतो. त्याच्या बायकोला, एमीला, वाटतं याला काहीच दुःख नाही. मला आता वाटतं की तो कुंपणाबद्दल बोलतच नव्हता. माणूस कितीही नीट बांधतो आणि चार दिवसांत ते कुजतं, हे त्याला लेकराबद्दलच म्हणायचं होतं, फक्त त्याच्याजवळ शब्द शेतीचेच होते. फ्रॉस्टचा स्वतःचा मोठा मुलगा १९०० साली गेला, चार वर्षांचाही झाला नव्हता. कविता छापून आली १९१४ ला.

बर्डीची_ताई:

मास्तर, तुमचं वाचून डोळे भरले, पण एमीची बाजू तशीच राहून गेली. तो शेवटी काय म्हणतो? ती दार उघडून निघते तर म्हणतो मागं येईन आणि जबरदस्तीनं परत आणीन. म्हणजे त्याला शब्द सापडत नव्हते हे मान्य, पण तिचं न बोलणं त्याला सहन होत नाही आणि तिचं बाहेर जाऊन दुसऱ्या कोणाशी बोलणं तर त्याहून नाही. तुमच्या आई पण त्या दिवसांत कोणाजवळ बोलल्या असतील का, मला तोच विचार येऊन राहिला.

काटोलवाली, तू सुझन ग्लास्पेलची 'अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स' वाच, आजच वाच. १९१७ ची कथा, त्याच्या आदल्या वर्षी तिनं हेच 'ट्रायफल्स' नावाच्या एकांकिकेत लिहिलं होतं. ती आधी आयोवात वार्ताहर होती, १९०० च्या डिसेंबरात तिथं एका शेतकऱ्याचा झोपेत खून झाला आणि बायकोला पकडलं, त्याच्या बातम्या हिनंच दिल्या होत्या. कथेत जॉन राईट गळ्याला दोर आवळून मेलेला आहे, बायको मिनी जेलमध्ये. शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख), सरकारी वकील वगैरे पुरुष मंडळी वरच्या मजल्यावर, गोठ्यात पुरावा शोधतात आणि स्वयंपाकघराकडे पाहून म्हणतात इथं काय, नुसती भांडीकुंडी. आणि दोन बायका, शेजारची मिसेस हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स, त्याच स्वयंपाकघरात बसून सगळं वाचून काढतात. अर्धवट पुसलेलं टेबल. थंडीनं फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, चेरीची एकच वाचलेली. गोधडीचे टाके सगळे सरळ आणि एका तुकड्यावर अचानक वाकडेतिकडे. मी स्वतः गोधड्या शिवते म्हणून सांगते, हात असा कधी बिघडतो ते शिवणारीलाच कळतं. मिसेस हेल ते वाकडे टाके उसवून नीट घालते, तिथंच मला समजलं की ही आता मिनीची झाली. मग शिवणाच्या डब्यात रेशमी कापडात गुंडाळलेली कॅनरी, म्हणजे गाणारं पाखरू, सापडते, मान पिरगाळलेली. मिनी लग्नाआधी चर्चमध्ये गायची.

त्यातली एक गोष्ट तुझ्या विषयासाठी सोन्यासारखी आहे. शेजारचा हेल त्या घरी गेला होता कशासाठी, तर दोघांत मिळून टेलिफोन घेऊ म्हणून विचारायला, आणि राईट आधीच म्हणून चुकला होता की लोक तसेही फार बोलतात. त्या घरात बोलण्याचा रस्ताच बंद केला होता त्यानं. आणि मिसेस हेलला सगळ्यात जास्त लागतं ते हे की मी वीस वर्षं शेजारी राहून इथं आली नाही, हा पण गुन्हाच आहे, याची शिक्षा कोण देणार. शेवटी वकील थट्टेनं विचारतो की ती गोधडी कशी पुरी करणार होती, आणि मिसेस हेल खिशातल्या डब्यावर हात दाबून सांगते, गाठी मारून. धावदोरा नाही, गाठी. तेव्हा तिथं बायकांना ज्यूरीवर, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या लोकांच्या मंडळावर, बसायचा हक्क नव्हता, म्हणून त्यांनी ज्यूरी स्वयंपाकघरात बसवली. मास्तर म्हणतात तो न विचारलेला प्रश्न इथं उलटा होतो, या बायका खऱ्याला ओळखतात आणि मग मुद्दाम बोलत नाहीत.

दीक्षाभूमी_रोड:

ताईंचं शेवटचं वाक्य पकडून एक जोडतो, कारण तुमच्या सगळ्या यादीत काळ्या लेखकांपैकी एकही नाही आणि त्यांच्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. पॉल लॉरेन्स डनबरची 'वी वेअर द मास्क' वाच. आईबाप गुलामीतून आलेले, हा डेटनमध्ये लिफ्ट चालवायचा आणि लिफ्टमध्ये येणाऱ्यांनाच स्वतःचं पुस्तक विकायचा, १९०६ ला तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या कवितेतले लोक हसतात, गोड बोलतात, आणि जगाला आपले अश्रू मोजू देत नाहीत. हे कोरीसारखं नाही. कोरी काहून गप्प होता ते आपल्याला कळत नाही, इथं मात्र कारण स्वच्छ आहे, खरं बोललं तर मार पडतो. एकाच शब्दाखाली दोन्ही घातले तर डनबरवर अन्याय होईल.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, काळ्या लोकांच्या हार्लेम वस्तीच्या बाजूलाच. म्हणजे फ्रॉस्टचं पुस्तक १९१४ ला लंडनला निघालं, मास्टर्सचं 'स्पून रिव्हर' हे कवितांचं पुस्तक १९१५ ला आलं, तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये अभ्यास करत होते. आणि काळे विचारवंत ड्यू बॉइस यांचं 'द क्रायसिस' मासिक त्याच शहरातून १९१० पासून निघत होतं. पुढे १९४६ ला बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, अस्पृश्यांची आणि तिकडच्या काळ्या लोकांची स्थिती किती सारखी आहे हे त्यात आहे. मी ही वर्षं आणि त्या कवितांची वर्षं एका कागदावर लिहून भिंतीला लावली आहेत, कारण मला ते साहित्य परकं वाटणं त्यानंतर थांबलं.

त्याच 'क्रायसिस'मध्ये १९२२ ला लँग्स्टन ह्यूजची 'मदर टू सन' आली, तो तेव्हा विशीत होता. आई पोराला सांगते, माझा जिना काही काचेचा नव्हता, त्यात खिळे होते, फाटे होते, फळ्या उखडलेल्या, काही जागी तर सतरंजी पण नाही, पण मी चढूनच राहिली आहे, तू बसू नको. माझी आजी हेच बोलायची, फक्त जिना नव्हता आमच्याकडे.

उमरेड_पॅसेंजर:

मी साहित्याचा नाही, बँकेत आहे, वाचायची आवड म्हणून लिहितो. स्पून रिव्हर वर आलंच आहे. त्यात गावचे दोनशेच्या वर मेलेले लोक स्वतःच्या कबरीतून बोलतात, जिवंतपणी जे दाबलं ते सगळं. ऑली मॅकगी म्हणते नवऱ्यानं छळून माझं तारुण्य खाल्लं, आणि लगेच पुढची कविता नवऱ्याची, तो म्हणतो हिनं माझी ताकद मिनिटामिनिटानं शोषली. मास्टर्स शिकागोत वकील होता, दोन्ही पक्ष ऐकायची सवय दिसते. पण त्यातच ल्युसिंडा मॅटलॉक आहे, त्याच्या आजीवरून लिहिलेली. सत्तर वर्षं संसार, बारा लेकरं, त्यातली आठ तिच्या साठीच्या आत गेली, शहाण्णव वर्षं जगली आणि तरुणांना रागवते की तुम्ही कसल्या कुरकुरी करून राहिलात. तिला पेपरात घे, नाहीतर सगळी माणसं मुकीच होती असं वाटेल.

अजून एक, १९२० च्या जनगणनेत तिकडे पहिल्यांदा शहरातले लोक निम्म्याच्या वर गेले. म्हणजे हे सगळं लिहिलं जात होतं तेव्हा ती छोटी गावं रिकामी होत होती, पोरं रेल्वे धरून शहरात. जॉर्ज विलार्ड पण शेवटी गाडीत बसूनच जातो. औद्योगिकीकरण हा शब्द लिहायचाच असेल तर तो त्या स्टेशनवर लिही.

काटोलवाली:

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलं, खूप खूप धन्यवाद. ग्लास्पेल काल रात्रीच वाचली, मिसेस हेल टाके उसवते तिथं मी पुस्तक उलटं ठेवून थोडा वेळ बसली आणि मग आईला फोन केला. तिला त्या काकांच्या बायकोबद्दल विचारलं, त्या आता कशा आहेत, कोणी जातं का त्यांच्याकडे. आई म्हणाली सुरुवातीला जायचे सगळे, आता नाही. रविवारी गावी गेली की जाईन म्हणते, आई पण येते म्हणाली.

पेपरचं असं ठरवलं की सुरुवात दोन जिन्यांपासून करायची. फ्रॉस्टच्या जिन्यावर ती वरच्या पायरीवर, तो खाली, आणि वर तिच्यामागं ती खिडकी जिच्यातून कबर दिसते. ह्यूजच्या जिन्यावर आई वर आहे आणि खालच्या पोराशी बोलून राहिली आहे. मधले सगळे, कोरी, बिडलबॉम, मिनी, डनबरचे मुखवटेवाले, ते कोणत्या पायरीवर अडले आणि त्यांना कोणी अडवलं ते एकेक करून. ताई, एक शंका आहे, मिसेस पीटर्सला पण मिसेस हेलइतकीच जागा द्यायची ना? लहानपणी एका मुलानं तिच्या डोळ्यांदेखत तिचं मांजराचं पिल्लू मारलं होतं हे ती सांगते, आणि ती तर शेरीफचीच बायको आहे, मला तिचं गप्प राहणं जास्त अवघड वाटून राहिलं.