कोरड्या चेहऱ्यासाठी घरीच करता येईल असं सौम्य क्लिंझर सुचवा (खान्देशची हवा, बोअरचं पाणी)

गिरणाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी चाळीसगाव तालुक्यात राहते, वय 34. त्वचा मूळचीच कोरडी. दिवाळी सरली की गालांवर पांढुरके पापुद्रे येतात, तोंड धुतलं की चेहरा ताणल्यासारखा होतो आणि ओठांच्या कडा चिरतात. उन्हाळ्यात झळा लागल्या की पुन्हा तेच, वर आग होते ती वेगळी. घरात बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर धरतो इतकं जड.

सध्या बाजारातला फेसवॉश वापरते, त्याचा फेस भरपूर होतो. घरात सगळे म्हणतात बेसन लाव, पण बेसनाने चेहरा आणखीच ओढतो. मला असं काहीतरी हवंय जे रोज सकाळी कामावर जायच्या आधी पटकन होईल, सामान घरात किंवा गावातल्या किराणा दुकानात मिळेल आणि धुतल्यावर तोंड मऊ राहील. करून ठेवता येतं का, किती टिकतं, हेही सांगा. महागडी तेलं वगैरे नकोत.

शहादा_वहिनी

ताई, दुधावरची साय. एक चमचा साय तळहातावर घ्या, चेहऱ्यावर हलक्या हाताने फिरवा, कोमट पाण्याने धुवा. आमच्याकडे लहानपणापासून हेच. साय ताजी असावी, आंबट वास आलेली नको. हिवाळ्यात याहून सोपं काही नाही.

दादर_भाकरी

वहिनींचं बरोबर आहे, पण नुसत्या सायीने दिवसभराची धूळ आणि सनस्क्रीन पुरतं निघत नाही, तेलकट थर तसाच राहतो. मी अमळनेरची, त्वचा तुमच्यासारखीच. जरा सविस्तर सांगते.

माझी आजी अहिराणीत म्हणायची, "तोंडले साबन कसाले लावस?" तिच्या घरात तोंड धुवायला डाळीचं नाहीतर उडदाचं पीठ असायचं. कोरड्या त्वचेला यातलं कुठलं पीठ चालतं, तिथेच खरी गोम आहे. बेसन तेल शोषून घेतं. तेलकट चेहऱ्याला ते छान, पण आपल्या गालांवर मुळातच तेल कमी, त्यातलंही बेसन ओढून नेतं. मुलतानी मातीचंही तेच. दोन्ही बाजूला ठेवा.

मी ओट्स, मसूर आणि उडीद वापरते. ओट्स भिजले की त्यांचा एक बुळबुळीत चीक सुटतो, तो त्वचेवर पातळ थर धरतो. त्यात थोडे नैसर्गिक साबणासारखे घटकही असतात, त्यामुळे फेस न येताही मळ निघतो. उडदाच्या पिठाचा गुण तर आपल्याला स्वयंपाकातूनच ठाऊक आहे. कळण्याचं पीठ मळताना हाताला तो चिकट मऊपणा लागतो ना, तोच इथे कामाला येतो. मसूर डाळ थोडीच, मेलेली त्वचा हलकी करण्यापुरती.

प्रमाण असं: साधे बिनमसाल्याचे ओट्स 1 वाटी, लाल मसूर डाळ पाव वाटी, सालं काढलेली उडीद डाळ पाव वाटी. डाळी ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवा. भाजू नका, भाजलं की चीक कमी सुटतो. तिन्ही एकत्र मिक्सरमधून काढा, मधेमधे थांबत, म्हणजे भांडं तापणार नाही. मग वस्त्रगाळ करा. धुतलेल्या मलमलच्या कापडातून किंवा मैद्याच्या बारीक चाळणीतून. ही पायरी टाळू नका. चिमूटभर पीठ ओलं करून मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून बघा. एकही कण बोचता कामा नये. बोचला तर पुन्हा फिरवा. कोरड्या चेहऱ्यावर भरड पीठ घासलं की बारीक ओरखडे उठतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण क्रीम लावलं की झोंबतं, तेव्हा कळतं. वर उरलेला भरडा भाकरीच्या पिठात घाला, वाया जात नाही.

वापरायला चहाचा एक चमचा पीठ तळहातावर घ्या, त्यात दोन चमचे कच्चं दूध घाला आणि मिनिटभर थांबा. आधी ते वाळूसारखं सुटं दिसतं, मग हळूहळू एकजीव होऊन पातळ खिरीसारखं ओघळायला लागतं. तसं झालं की ओल्या चेहऱ्यावर लावा, बोटांच्या पेरांनी गोल फिरवा, दाब अजिबात नको. अर्धा मिनिट पुरे. वाळू देऊ नका, फेसपॅकसारखं ठेवून सुकवलं तर सगळा फायदा उलटा जातो. कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका.

आणि धुतल्यावर चेहरा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तुमचं नेहमीचं क्रीम किंवा दोन थेंब खोबरेल तेल. याशिवाय कुठलंही क्लिंझर पुरं पडणार नाही, आमच्या हवेत तर नाहीच.

रावेरकर

आमच्याकडे केळीला काय तोटा! पिकलेलं केळं कुस्करून मध घालून लावतात बायका. चेहरा मऊ होतो. तेही लिहून ठेवा.

दादर_भाकरी

दादा, केळ्याने मऊ वाटतं हे खरं, पण केळं मळ काढत नाही, वर एक थर सोडतं. ते आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांचा लेप म्हणून लावायला उत्तम. रोजच्या धुण्याच्या जागी ते नको, साखर केसांच्या मुळांशी चिकटून राहते.

मेडिकल_धुळे

माझं धुळ्यात औषधांचं दुकान आहे, थंडीत रोज हीच तक्रार घेऊन माणसं येतात. वरची कृती चांगली आहे, त्यात थोडी भर घालतो.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 5 च्या आसपास. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच 9 ते 10. रोज दोनदा साबण लावला की तो आम्लपणा आणि वरची स्निग्धता दोन्ही जातात. त्यात आपलं पाणी जड. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. बादलीवरचा पांढरा थर तुम्ही बघता, तसाच साका चेहऱ्यावरही बसतो आणि धुऊन निघत नाही. म्हणून ताई, तुमच्या तक्रारीत पाण्याचा वाटा आहे हे धरून चाला. फक्त तोंडासाठी एक तांब्या नळाचं किंवा आरओचं पाणी बाजूला ठेवलं तरी फरक पडेल. पाणी कोमट, कढत नको. पाणी उकळल्याने काही क्षार खाली बसतात, पण सगळे नाहीत. आणि तुमचा फेसवॉश भरपूर फेस देतो म्हणता, तर फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. पुढे कधी विकत घ्यायची वेळ आली तर कमी फेसाचा, वासाविना, ग्लिसरीन असलेला घ्या.

ओट्सबद्दल: बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या एफडीएने 2003 मध्ये त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. तेव्हा हे नुसतं घरगुती मत नाही.

आता सावधगिरीचं, आणि हे जरा गांभीर्याने वाचा. खायच्या वस्तू त्वचेवर लावतो म्हणजे त्या निर्धोक, असं नसतं. जपानमध्ये 2010 च्या आसपास गव्हाचं प्रथिन घातलेला एक चेहऱ्याचा साबण खूप खपला. रोजच्या वापरातून दोन हजारांवर लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली, पोळी-ब्रेडसारखं गव्हाचं काही खाल्लं तरी त्रास व्हायला लागला. त्वचेचं आवरण फाटलेलं असलं की प्रथिनं आत शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू समजायला लागतं. म्हणून ज्यांना इसब आहे, त्वचा चिरून पाणी येतंय, किंवा दूध, डाळ, शेंगदाणा अशा कशाचीही ॲलर्जी आहे, त्यांनी पीठ-दूध चेहऱ्याला लावू नये. बाकीच्यांनी आधी कोपराच्या आतल्या घडीत लावून दोन दिवस बघावं.

लिंबू कोरड्या चेहऱ्यावर कधीच नको. त्याचा पीएच 2 च्या जवळ, वर रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर काळे डाग आणि फोडसुद्धा येतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर नावही काढू नका. खायचा सोडाही नको.

सातपुडा_पायथा

माझे मिस्टर जिनिंगमध्ये कामाला आहेत. सीझनमध्ये संध्याकाळी चेहऱ्यावर कापसाची तूस आणि मशीनचं तेल, दोन्ही. ओट्सने ते निघेल का? साबणाने घासून घासून कातडी सोलल्यासारखी झालीय.

दादर_भाकरी

नुसत्या ओट्सने मशीनचं तेल निघणार नाही. आधी तेलाने तेल काढा. सूर्यफुलाचं तेल चमचाभर, कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी मिनिटभर फिरवायचं, मळ सुटा झालेला बोटांना कळतो. मग मऊ सुती फडकं कोमट पाण्यात पिळून अलगद पुसून घ्यायचं. त्यावर वरचं पीठ. दोन टप्पे झाले, पण घासावं लागत नाही.

मेडिकल_धुळे

सूर्यफूलच घ्या, त्याला कारण आहे. ब्रिटनमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या 2013 च्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचं आवरण कमकुवत होताना दिसलं, सूर्यफुलाने ते टिकून राहिलं. ऑलिव्ह महाग, म्हणून चांगलं असणार, असा समज असतो. इथे तो खरा नाही. तेल डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि ताई, मिस्टरांना तोंडाला बांधायला सुती रुमाल द्या, निम्मी तूस तिथेच थांबेल.

गिरणाकाठ (धागाकर्ती)

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! पीठ आजच दळते. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पीठ दुधात कालवून बाटलीत भरून ठेवलं तर चालेल का, म्हणजे सकाळी वेळ वाचेल? आणि बॅगेत न्यायला पातळ काही करता येतं का?

मेडिकल_धुळे

कालवून ठेवू नका. पाणी किंवा दूध लागलं की त्यात जंतू वाढायला लागतात, परिरक्षक नसेल तर आपल्या हवेत काही तासांतही. फ्रिजमध्येसुद्धा दुसऱ्या दिवसाच्या पुढे भरवसा नाही. वास येईपर्यंत थांबू नका, वास यायच्या आधीच ते खराब झालेलं असतं. कोरडं पीठ मात्र घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत महिनाभर आरामात राहतं. ओला चमचा घालू नका. पावसाळ्यात थोडंच दळा, पोरकिडे होतात.

बॅगेत न्यायला सोपी युक्ती: एका वेळेपुरतं कोरडं पीठ छोट्या डबीत घ्या आणि तिथे पाणी मिळालं की त्यातच कालवा. दुधाची गरज नाही, दूध फक्त मऊपणा वाढवतं. चेहरा फारच ओढत असेल तर त्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब. ग्लिसरीन नुसतं, पाण्याशिवाय चेहऱ्यावर लावू नका. हवा कोरडी असली की ते त्वचेतलंच पाणी ओढून घेतं.

शहादा_वहिनी

मधाचं काय? आम्ही थोडा मध घालतो.

दादर_भाकरी

मध छान चालतो वहिनी, अर्धा चमचा कालवलेल्या पिठात. ओलावा धरून ठेवतो. नुसता मध बाटलीत कितीही टिकतो, पाणी मिसळलं की टिकत नाही, म्हणून तोही ऐन वेळीच घाला. सकाळी मात्र मी मध टाळते, चिकटपणा धुवायला वेळ लागतो. खरं तर कोरडी त्वचा असेल तर सकाळी क्लिंझरचीही गरज नसते, रात्री नीट धुतलं असेल तर सकाळी नुसतं कोमट पाणी मारलं तरी पुरतं. ताई, तुम्ही कामावरून आल्यावर पीठ लावून बघा आणि सकाळी फक्त पाणी. तुमचा वेळही वाचेल.

गिरणाकाठ (धागाकर्ती)

हे मला सुचलंच नव्हतं, संध्याकाळचंच करते. शेवटचं विचारते. माझी पुतणी दहा महिन्यांची आहे, तिचेही गाल थंडीत लालसर खडबडीत होतात. तिला हे पीठ चालेल का?

मेडिकल_धुळे

नाही. तान्ह्या बाळाला पीठ, दूध, मध काहीही चेहऱ्यावर नको. इतक्या लहान वयात त्वचेतून ॲलर्जी जडायची शक्यता जास्त. आणि मध एक वर्षाखालच्या बाळाच्या तोंडाजवळही नेऊ नये, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाचं तोंड फक्त कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा आणि लगेच व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, लाळ लागते त्या हनुवटीवर दूध पाजायच्या आधीसुद्धा. आठवड्यात लाली उतरली नाही, बाळ गाल खाजवत असेल किंवा कोपर-गुडघ्याच्या घडीतही तसंच दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुकानातून कुणी मलमाची ट्यूब दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, बाळाची कातडी त्याने पातळ होते.